टीबीच्या औषधांची प्रतवारी

घोडेगावच्या मार्केटात कांद्याची प्रतवारी होते: एक नंबर, दोन नंबर, गोलटी. आकार आणि रंग बघितला की काम झालं. टीबीच्या औषधांनाही असेच नंबर आहेत. पण इथे पहिल्या नंबरचा माल काही दशकांत तळाला जातो आणि कोपऱ्यात टाकलेला माल वर चढतो. हे ठरवतं कोण?

आधी पहिली फळी बघू. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही सरकारी आरोग्य केंद्रात नव्या रुग्णाला ही चारही एकाच गोळीत मिळतात. गोळ्या किती, ते वजनावर ठरतं. पन्नास किलोचा माणूस रोज चार घेतो. थोड्या वेळात लघवी लालकेशरी होते आणि घरचे घाबरतात. तो रिफाम्पिसिनचा रंग. औषध पोटात गेल्याचा याहून स्वस्त पुरावा कुठला?

पण चार कशाला? एक जालीम औषध पुरणार नाही का? जरा हिशेब करा. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू काही कोटींत एखादा आपोआपच जन्मतो. रिफाम्पिसिनला न जुमानणारा काही शे कोटींत एखादा. फुप्फुसात पोकळी पडली असेल, तर तिथे जंतू शंभर कोटींच्या घरात असू शकतात. म्हणजे एकटं आयसोनियाझिड दिलं, तर त्यातून वाचणारे जंतू आधीच हजर आहेत! दोन्ही औषधांना एकदम पुरून उरणारा मात्र जवळपास अशक्य. चार औषधांमागे हे असं गणित आहे.

आणि कामाच्या तऱ्हा बघा. आयसोनियाझिड मुळात जंतूला विषारी नाहीच. जंतूचंच एक एन्झाइम त्याला विष बनवतं, म्हणजे जंतू स्वतःच्या हाताने मरतो. मग प्रतिकार करायला काही जंतू काय करतात? ते एन्झाइमच बिघडवून टाकतात. हे औषध प्रागमध्ये १९१२ साली बनलं आणि चाळीस वर्षं तसंच पडून राहिलं. ते टीबीवर चालतं हे कळायला १९५२ साल उजाडलं. पायराझिनामाइडची खोड आणखी वेगळी. ते आम्लात काम करतं, त्यामुळे बाकीच्यांच्या तावडीतून सुटून दबून बसलेल्या जंतूंना नेमकं गाठतं.

आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोन्ही निकामी ठरली, की तो एमडीआर टीबी. आता दुसरी फळी येते, आणि इथेच ए, बी, सी असे गट आहेत, ए सगळ्यात वरचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ते नव्याने मांडले. आधार होता पंचवीस देशांतल्या बारा हजारांवर रुग्णांच्या नोंदींचा: कोणतं औषध घेतलेले बरे झाले, कोणतं घेतलेले दगावले. रसायनशास्त्राच्या पुस्तकापेक्षा माणसांच्या नशिबाची वही उघडली गेली म्हणा ना.

गट ए मध्ये बेडाक्विलीन, लिनेझोलिड आणि लेव्होफ्लोक्सासिन किंवा मॉक्सिफ्लोक्सासिन आले. बेडाक्विलीन २०१२ मध्ये मंजूर झालं. ते जंतूची ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच बंद पाडतं. बाकीची या गटातली मंडळी दुसऱ्याच जंतुसंसर्गांसाठी निघालेली, इथे येऊन मानाला चढलेली.

गट बी मधल्या क्लोफाझिमीनची गोष्ट मला सगळ्यात आवडते. त्यासाठी टीबी आणि कुष्ठाचं नातं बघायला आधी जामखेडला जाऊ. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्या टीबीचे रुग्ण सांभाळत आणि कुष्ठाचेही. दोन्ही जंतू एकाच मायकोबॅक्टेरियम कुळातले. क्लोफाझिमीन डब्लिनमध्ये १९५४ च्या सुमारास बनलं ते टीबीसाठी. त्यात जमलं नाही. मग ते कुष्ठाकडे गेलं आणि १९८२ पासून बहुविध औषधोपचारात रुजलं. कातडी काळपट करणारं हे औषध अनेक दशकांनी माघारी आलं, थेट दुसऱ्या गटात.

उलटा प्रवास स्ट्रेप्टोमायसिनचा. १९४३ साली अमेरिकेतल्या मातीत सापडलेलं, टीबीवरचं पहिलं खरं अस्त्र, पुढे आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्येही बनलेलं. आज ते गट सी मध्ये आहे, तेही अमिकासिन नसेल तर. ही दोन्ही इंजेक्शनं, आणि त्यांनी ऐकू येणं जाऊ शकतं. कानामायसिन आणि कॅप्रिओमायसिन ही इंजेक्शनं तर यादीबाहेरच गेली. त्यांच्या रुग्णांचे निकाल वाईट दिसले.

इंजेक्शनं घसरली, तशी रोगाची व्याख्याही हलली! आधी एक्सडीआर म्हणजे एमडीआरच्या जोडीला फ्लुरोक्विनोलोन (लेव्होफ्लोक्सासिन, मॉक्सिफ्लोक्सासिन यांचं घराणं) आणि दुसऱ्या फळीचं इंजेक्शन, दोन्ही बेकार. २०२१ पासून इंजेक्शनच्या जागी बेडाक्विलीन किंवा लिनेझोलिड आलं. छातीतला जंतू तोच, पण कागदावरचं नाव बदललं.

कोणती फळी हवी, हे गोव्याच्या मोलबायोचं ट्रूनॅट यंत्र थुंकीवरून तासा-दोन तासांत सांगतं. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या नव्या उपचारात गट ए मधली तीन औषधं आहेत: बेडाक्विलीन, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लोक्सासिन. इंजेक्शन एकही नाही, आणि दीड-दोन वर्षांचं काम सहा महिन्यांत. चौथं प्रिटोमॅनिड. २०१८ च्या यादीनंतर मंजूर झालेलं हे औषध ए, बी, सी यांपैकी कुठल्याच गटात नाही.