सूर्य पुत्राच्या घरी जातो

मकरसंक्रांतीस सुवासिनी सुगडे पुजतात, सूर्यनारायणास अर्घ्य दिले जाते आणि घरोघरी तिळगूळ वाटला जातो. या दिवशी सूर्य मकर राशीत प्रवेश करतो. मकर हे शनीचे घर, आणि शनी हा सूर्य व छाया यांचा पुत्र. पित्याने आपला व मातेचा अव्हेर केला, हा पुत्राच्या मनातील सल. तथापि आख्यायिका अशी की, संक्रांतीस पिता आपण होऊन रुसलेल्या पुत्राच्या दारी जातो आणि पुत्र काळ्या तिळांनी त्याचे पूजन करतो. तिळाचे माहात्म्य या भेटीतून आले, अशी लोकांची श्रद्धा आहे.

संक्रांतीच्या तोंडावर, 12 जानेवारीस, आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे जिजाऊंच्या जन्मोत्सवास अपार जनसमुदाय लोटतो. 1598 साली लखुजी जाधवरावांच्या घरी ही कन्या जन्मली. पुढे जाधव व भोसले या घराण्यांत वितुष्ट आले. 1624 च्या भातवडीच्या लढाईत सासरे मोगलांकडे, तर जावई शहाजीराजे निजामशाहीकडे होते. माहेर आणि सासर यांमधील ही दरी लेकीने कशी सोसली असेल, हे तिचे तीच जाणे. 1629 साली दौलताबादेस लखुजींची दग्याने हत्या झाली; तेव्हा जिजाऊंच्या उदरी शिवराय होते. नातवाचे मुख आजोबांस दिसले नाही. सिंदखेडराजास लखुजींची भव्य समाधी आजही उभी आहे.

याच जिजाऊंच्या मायेत मातेविना वाढलेले संभाजीराजे 1678 च्या डिसेंबरात पित्यापासून दुरावून दिलेरखानास मिळाले. छत्रपतींच्या पितृहृदयावर केवढा हा आघात! वर्षभराने पुत्र पन्हाळ्यास परतला, आणि जानेवारी 1680 मध्ये महाराज स्वतः पन्हाळ्यास जाऊन त्यास भेटले. पुत्रास दरबारी बोलावून जाब विचारण्याचा अधिकार त्यांस होताच. परंतु पिता पुत्राकडे गेला. पुढे तीन महिन्यांच्या आतच, 3 एप्रिल 1680 रोजी, महाराजांचे रायगडावर देहावसान झाले. ती भेट लांबणीवर पडली असती तर?

आज आमच्या घरांत तलवारी नाहीत, तरी अबोला आहे. मुलगा पुण्यामुंबईस स्थिरावतो, विवाह, नोकरी किंवा वाटणी यावरून शब्दाला शब्द वाढतो आणि सणावारीही फोन येत नाही. आईबाप म्हणतात, ‘त्याने आधी यावे.’ वडीलपणाचा मान आम्हांस मान्य आहे; पण त्या मानाचा उपयोग पहिले पाऊल उचलण्यासाठीच का करू नये? मात्र जाताना जुना हिशेब बरोबर नेऊ नये. मुलाच्या मनात सल असेल तर तो निमूट ऐकून घ्यावा. दार लगेच उघडले नाही तर रागावून परतू नये. कुशल तेवढे विचारावे आणि पुढील सणाची वाट पाहावी. सूर्यदेखील एकदाच जाऊन थांबत नाही, दरवर्षी जातो.

यंदा देवापुढे तिळगूळ ठेवताना दूर गेलेल्या लेकराच्या नावाने चिमूटभर वेगळा काढावा आणि शक्य तर तो स्वतःच्या हाताने त्याच्या घरी पोचवावा.