प्रथिने : शरीराचा रोजमेळ

पवनेच्या काठी वसलेल्या रावेतमध्ये आता उंच इमारतींची दाटी झाली आहे. तेथील व्यापारी कुटुंबांत सध्या एक प्रश्न वारंवार निघतो. व्यायामशाळेत जाणारा नातू प्रथिनांच्या पावडरीचा डबा घेऊन येतो आणि विचारतो, "आपल्या शाकाहारी जेवणातून प्रथिने पुरेशी मिळतात का?" आजी वरणाच्या पातेल्याकडे बोट दाखवतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र हिशेब मांडल्याखेरीज निकाल लागत नाही.

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या. ही अमिनो आम्ले मुख्यत्वे २० प्रकारची असतात. त्यांच्या क्रमावरून साखळीची घडी ठरते आणि घडीवरून तिचे कार्य. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन, अन्न पचवणारे ट्रिप्सिन, रोगजंतूंशी झुंजणारी प्रतिपिंडे, स्नायू आणि केस ही सारी प्रथिनांचीच रूपे होत. २० पैकी ९ अमिनो आम्ले मानवी शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती आहारातूनच यावी लागतात. चरबी साठवून ठेवता येते, प्रथिनांचे तसे वेगळे कोठार नसते. आवक कमी पडली की शरीर स्वतःचेच स्नायू मोडू लागते. म्हणून प्रथिनांचा हिशेब रोजमेळासारखा दररोज जुळावा लागतो.

वरणभाताच्या या हिशेबाशी एका मराठी विदुषीचे नाव जोडलेले आहे. डॉ. कमला सोहोनी या लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. पुढे केंब्रिजला बटाट्यावर संशोधन करताना, पेशींच्या श्वसनात भाग घेणारे 'सायटोक्रोम सी' हे प्रथिन वनस्पतींतही असते, असे त्यांनी दाखवले. १९३९ मध्ये त्यांना तेथील पीएच.डी. मिळाली. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी भारतीय कडधान्यांतील ट्रिप्सिनला अडवणारे घटक अभ्यासले. कच्च्या डाळीतील हे घटक पचनात अडथळा आणतात. नीट शिजवल्यावर ते बहुतांशी निष्प्रभ होतात. डाळ भिजवून मऊ शिजवण्याच्या घरोघरीच्या रीतीमागे असे शास्त्र आहे.

धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळीत ते भरपूर असते. उलट डाळीत मिथिओनिन कमी, ते धान्यातून मिळते. त्यामुळे पोळी-वरण, खिचडी, भाकरी-आमटी या जोड्या एकमेकींची उणीव भरून काढतात. दोन्ही एकाच घासात हवीत असे नाही. दिवसभराच्या आहारात असली तरी पुरे.

भारतीय शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलो वजनाला ती सुमारे ५० ग्रॅम होतात. २०० ग्रॅम कणकेतून सुमारे २१, ६० ग्रॅम कोरड्या तूरडाळीतून १३, पाव लिटर दुधातून ८ आणि ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम मिळतात. बेरीज ४९. म्हणजे डब्याविना हिशेब जवळपास जुळतो. मात्र डाळ खरोखरच ६० ग्रॅम हवी. चार माणसांत वाटीभर डाळ पाणी घालून वाढवली, तर पातेले भरते, प्रथिने वाढत नाहीत.

याची झळ प्रथम घरातील वडीलधाऱ्यांना बसते. दात गेले, भूक मंदावली की त्यांचे जेवण वरणाच्या पाण्यावर येते. पारण्याला मुगाचे पाणी हलके म्हणून योग्यच. पण प्रथिने मुख्यत्वे खाली बसलेल्या मुगात राहतात. पचनाला सोसेल तसा तो मूगही घोटून द्यावा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे. नातवाच्या डब्याची चर्चा घरात होतेच. त्याच वेळी आजींच्या ताटात दिवसभरात डाळ किती पडते, तेही एकदा मोजून पाहावे.