डिस्क कशाने भरली? नकाशाच सांगतो!

कम्प्युटरवर सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, की बहुतेक जण आधी फोटो उडवायला घेतात. जागा मात्र अनेकदा भलत्याच फाइलने अडवलेली असते. विंडोजसाठीचे ‘विनडिरस्टॅट’ हे मोफत सॉफ्टवेअर ती शोधून देते. ड्राइव्ह स्कॅन झाला, की पडद्यावर रंगीत चौकोन उमटतात. फाइल जेवढी मोठी, तेवढा चौकोन मोठा. रंग फाइलच्या प्रकारानुसार. चौकोनावर क्लिक केले, की फाइल कुठल्या फोल्डरमध्ये दडली आहे ते कळते. डाउनलोडमध्ये विसरलेला सिनेमा, फोनचा जुना बॅकअप असे काही तरी सापडतेच.

या नकाशाला ‘ट्रीमॅप’ म्हणतात. १९९०मध्ये अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाचे बेन श्नायडरमन यांना तो सुचला. त्यांच्या प्रयोगशाळेतील ८० एमबीची डिस्क १४ जण वापरत आणि ती भरून जाई. आज फोनवरचा मिनिटभराचा व्हिडिओही तेवढी जागा घेऊ शकतो!

मात्र, चौकोन मोठा दिसला म्हणून लगेच डिलीट करू नका. ‘पेजफाइल.सिस’ विंडोजच्याच कामाची असते. ‘विंडोज.ओल्ड’ हे जुन्या आवृत्तीचे फोल्डर सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधूनच काढावे. ते गेले, की जुन्या आवृत्तीकडे परतता येत नाही. आणि रीसायकल बिन रिकामा करेपर्यंत त्यातल्या फाइल्स जागा अडवूनच बसतात.