टनामागे तीन मिलिग्रॅम

शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात दारी येणारा दहा हजार लिटरचा टँकर समुद्राच्या पाण्याने भरला, तर त्यात साडेतीन क्विंटल क्षार निघतील आणि युरेनियम जेमतेम ३३ मिलिग्रॅम. ग्रॅमभर हवं तर तीस टँकर लागतील, तेही त्यातला कणन्‌कण हाती आला तर. एरवी जगातल्या समुद्रांत मिळून साडेचारशे कोटी टन युरेनियम आहे, हा आकडा ऐकायला भारीच वाटतो. पहिल्या महायुद्धाची भरपाई फेडायला समुद्रातून सोनं काढू पाहणारे फ्रिट्झ हाबर अशाच आकड्यांना भुलले होते.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हा नाद जरा सावधपणे केला. पॉलिप्रोपिलीनच्या न विणलेल्या कापडावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा. त्याने धाग्यांवर जागा तयार होतात, तिथे अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या साखळ्या रुजवायच्या. मग हायड्रॉक्सिलअमाइनची प्रक्रिया केली की त्यांचं अमिडॉक्झाइम होतं आणि ते युरेनियमला धरतं. असे तक्ते सायरस अणुभट्टीच्या धक्क्यापाशी आणि तारापूरला समुद्रात सोडून पाहिले. पंप नको, वीज नको. पाणी ने-आण करायचं काम भरती-ओहोटीचं. मला यातली हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण एवढं पाणी उपसायचं म्हटलं तर खर्चातच सगळं बुडेल.

तक्ते बाहेर काढून आम्लात धुतले की धातू सुटतो. अल्कलीची प्रक्रिया करून तेच तक्ते पुन्हा पाण्यात. हाती आलं ते मायक्रोग्रॅम-मिलिग्रॅमच्या मापात. जपानने मुत्सुच्या किनाऱ्याजवळ १९९९ ते २००१ या काळात याच जातीच्या कापडाने किलोभर पिवळी भुकटी जमवली, तीही खाणीतल्या युरेनियमपेक्षा कितीतरी महाग पडली.

प्रयोगशाळेत मात्र या विद्येचं रोजचं काम वेगळंच आहे. पाण्यात तांबं, शिसं, कॅडमियम किती हे मोजायचं तर आधी मीठ आडवं येतं. म्हणून चेलेक्स-१०० सारख्या रेझिनच्या बारीक मण्यांनी भरलेल्या नळीतून नमुना सोडतात. सोडियम बहुतेक निघून जातं, जड धातू अडकतात आणि थोड्याशा नायट्रिक आम्लात उतरतात. लिटरभर पाण्यातलं सगळं दहा मिलिलिटरमध्ये आलं, तर मोजायला शंभरपट सोपं.

युरेनियमवाल्यांची खरी डोकेदुखी आहे व्हॅनेडियम. ते अमिडॉक्झाइमवर युरेनियमइतक्याच हक्काने बसतं, सौम्य आम्लाला दाद देत नाही, आणि जोरदार आम्ल वापरावं तर कापडच खराब होतं.