खेळ आणि खेळाडू

खेळ म्हटला की लहानसहान दुखापत आलीच. कबड्डीत गुडघा खरचटतो, खो-खोत पाय मुरगळतो आणि खेळाडू धूळ झटकून पुन्हा उभा राहतो. त्यामुळे अंगी सोशिकपणा येतो. परंतु दुखापत गंभीर असेल, तर खेळ चालू ठेवावा की थांबवावा?

१९६२ च्या मार्च महिन्यात भारताचा क्रिकेट संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा वेगवान चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. त्या काळी फलंदाज शिरस्त्राण घालीत नसत. कॉन्ट्रॅक्टर स्वतःच्या पायांनी चालत तंबूत परतले. पण थोड्याच वेळात त्यांची प्रकृती बिघडली. कवटीस तडा गेला होता! त्यांच्यासाठी चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर यांनी रक्त दिले. तसेच वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनीही दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, परंतु पुन्हा कसोटी सामना खेळू शकले नाहीत. तो सामना मात्र पुढे चालूच राहिला होता.

२०१४ साली सिडनी येथे फिलिप ह्यूज या फलंदाजाच्या मानेवर चेंडू लागला. तो सामना तेथेच सोडून देण्यात आला. दोन दिवसांनी ह्यूज यांचे निधन झाले. पुढे २०१९ पासून, मेंदूस धक्का बसलेल्या खेळाडूच्या जागी दुसऱ्यास खेळविण्याची मुभा कसोटी सामन्यांत मिळाली.

कोणी म्हणेल, एकासाठी सर्वांचा खेळ का मोडावा? जखमी खेळाडूही पुष्कळदा म्हणतो, “मला काही झाले नाही.” परंतु डोक्याचा मार बाहेरून दिसत नाही, हे कॉन्ट्रॅक्टर यांच्या उदाहरणावरून कळते. म्हणून हा निर्णय जखमी खेळाडूवर सोपवू नये. पंचांनी खेळ तत्काळ थांबवावा. इजा किरकोळ ठरली, तर तो पुन्हा सुरू करता येतो.

जव्हार तालुक्यातील वावरसारख्या डोंगराळ गावी तर ही दक्षता अधिकच हवी. तेथे मोठ्या रुग्णालयासाठी जव्हार गाठावे लागते. मानेस मार लागला असेल, तर जखमी मुलास ओढून उठवू नये; त्याला स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी दोन्ही संघांनी गुण विसरून मदतीस धावावे.

राहिलेला सामना उद्या खेळता येईल. गेलेला गडी मात्र परत येत नाही.