वाढत्या वयातला केराटोकोनस

केराटोकोनसमध्ये बुबुळासमोरचे पारदर्शक पारपटल पातळ होत जाते आणि शंकूच्या आकारात पुढे येते. नजर धूसर होते, सिलिंडरचा नंबर वाढत राहतो आणि चष्मा बदलूनही अक्षरे स्पष्ट दिसत नाहीत.

नागपूरजवळच्या खेड्यांतील तिशीपुढच्या लोकांच्या पाहणीत हा विकार २.३ टक्के आढळल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या मिनेसोटातील जुना आकडा लाखात जेमतेम ५५ होता. नागपूरच्या पाहणीत निदान फक्त पारपटलाच्या वक्रतेवरून झाले होते, त्यामुळे तो आकडा थोडा फुगलेला असू शकतो. तरीही भारतात हा आजार दुर्मीळ मानणे परवडणारे नाही.

मुलांमध्ये तो मोठ्यांपेक्षा वेगाने वाढतो. त्यात उन्हाळ्यात बळावणारी डोळ्यांची ॲलर्जी असेल तर मूल सतत डोळे चोळते आणि कमकुवत पारपटल आणखी ताणले जाते. म्हणून खाज थांबवणे हा उपचाराचाच भाग असतो. मात्र औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्महिने घातले, तर काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो.

ईश्वरपूरसारख्या (पूर्वीचे इस्लामपूर) तालुक्याच्या गावात अशा मुलाचा दोष बहुधा शाळेच्या तपासणीत किंवा चष्म्याच्या दुकानात प्रथम लक्षात येतो. तिथे नंबर निघतो, पण पारपटलाचा आकार कळत नाही. त्यासाठी कॉर्नियल टोपोग्राफी लागते. नंबराच्या जुन्या चिठ्ठ्या जपलेल्या असल्या, तर तो किती झपाट्याने बदलला हे डॉक्टरांना लगेच दिसते.

वाढ रोखणारा उपचार म्हणजे क्रॉस-लिंकिंग. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २००३ मध्ये त्याचे रुग्णांवरील निष्कर्ष मांडले. मूळ पद्धतीत पारपटलाचा वरचा थर काढून रिबोफ्लेविनचे थेंब घालतात आणि ३० मिनिटे अतिनील-ए किरण सोडतात. त्यामुळे कोलॅजनचे तंतू एकमेकांशी घट्ट बांधले जातात. आतल्या पेशींना इजा होऊ नये म्हणून पारपटलाची जाडी किमान ४०० मायक्रॉन लागते. लहान मुलांना पूर्ण भूल द्यावी लागू शकते. मोठ्यांमध्ये वाढ सिद्ध होईपर्यंत थांबतात, मुलांबाबत अनेक तज्ज्ञ निदान होताच उपचार सुचवतात आणि ते योग्यच आहे, कारण थांबण्यात गमावलेली जाडी परत येत नाही.

क्रॉस-लिंकिंगनंतरही चष्मा सुटत नाही. नजर सुधारण्यासाठी कडक किंवा स्क्लेरल लेन्स लागू शकते. मुलांमध्ये परिणाम काही वर्षांनी ओसरण्याची शक्यता असल्याने टोपोग्राफी पुन्हापुन्हा करावी लागते. पारपटलावर दाट व्रण पडला, तर प्रत्यारोपण उरते. मुलांमध्ये टाके लवकर सैल होतात आणि नवे पारपटल नाकारले जाण्याचा धोकाही अधिक असतो, म्हणून त्यानंतर वारंवार तपासणीला जाणे सक्तीचे असते.