लाळ, खळ आणि फसलेला प्रयोग

जीवशास्त्राचा प्रयोग म्हटला की बऱ्याच शिक्षकांना सूक्ष्मदर्शक आणि त्याच्या कपाटाची हरवलेली किल्ली आठवते. सुरुवात करायला इतके काही लागत नाही. आपले तोंड, थोडी खळ आणि औषधाच्या दुकानातले टिंक्चर आयोडीन पुरते.

एक सपाट चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून पाव लिटर उकळत्या पाण्यात ओतावे व ढवळावे. ही पातळ खळ हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे. दोन परीक्षानळ्यांत एकेक चमचा खळ घ्यावी. चूळ भरून गोळा केलेली पाव चमचा लाळ एकीत घालावी, दुसरीत तेवढेच पाणी. मग दर दोन मिनिटांनी प्रत्येक नळीतला एक थेंब पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब टाकावा. (आयोडीन आधी पाणी घालून बिनदुधाच्या चहाच्या रंगाचे करून घ्यावे.) स्टार्च असेपर्यंत थेंब निळा-काळा होतो. पाण्याच्या नळीतला शेवटपर्यंत निळाच राहतो. लाळेच्या नळीतला आधी जांभळट, मग तांबूस होतो आणि शेवटी आयोडीनचा मूळचा रंग तेवढा उरतो. लाळेतले अमायलेज हे विकर स्टार्चच्या लांब साखळ्या तोडते. त्यातून मुख्यतः माल्टोज ही साखर तयार होते.

हा प्रयोग मी वर्गात प्रथम केला तेव्हा दोन्ही नळ्यांतले थेंब निळेच राहिले. तास संपत आलेला, म्हणून मी खळ वाफाळतीच वापरली होती. ‘आज जमले नाही’ म्हणून फळा पुसला. मधल्या सुट्टीत लाळ देणारी मुलगी आली. “बाई, माझी लाळ खराब आहे का?”

माझी घाई तिच्या माथी बसली होती. दुसऱ्या दिवशी तिचीच लाळ दोन भागांत घेतली. एक भाग तसाच ठेवला, दुसऱ्याची नळी दहा मिनिटे उकळत्या पाण्यात धरून थंड केली. दोन्हींत कोमट खळ. ताज्या लाळेने काही मिनिटांत निळा रंग घालवला, उकळलेलीने अजिबात नाही. अमायलेज हे प्रथिन आहे. उकळल्यावर त्याची घडी मोडते आणि गार केल्यावर ती पुन्हा बसत नाही.

इथे एक चकवा आहे. खळ गरम असताना आयोडीन टाकले तर स्टार्च असूनही निळा रंग दिसत नाही, गार झाल्यावर उमटतो. म्हणून थेंब नेहमी गार झाल्यावरच तपासावा.

कोणाचा रंग आधी जातो अशी शर्यत लावू नये. अमायलेजच्या जनुकाच्या प्रती सर्वांमध्ये सारख्या संख्येने नसतात. त्यामुळे लाळेतले अमायलेजही कमीजास्त असते. प्रत्येकाने आपलीच लाळ वापरावी आणि आपली नळी आपणच धुवावी.

लाळेची किळस वाटत असेल तर मोड आलेले धान्य घ्यावे. १८३३ साली पायेन आणि पर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी असेच स्टार्च तोडणारे विकर मोड आलेल्या बार्लीतून वेगळे काढले होते. आपल्याकडे नाचणी आहेच. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे चिमूटभर पीठ घट्ट, चटका न बसण्याइतक्या गरम पेजेत ढवळावे आणि पेज पातळ व्हायला किती मिनिटे लागतात ते पाहावे. शेजारच्या वाटीत मोड न आणलेल्या नाचणीचे पीठ टाकायला मात्र विसरू नये.